माशाच्या चरबीतला हिशेब

१९६४ साली स्टॉकहोम विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ सोरेन येन्सेन डीडीटी शोधत होते. डीडीटी तेव्हा जगभर शेतांत, घरांत, गोठ्यांत फवारलं जात होतं आणि प्राण्यांच्या अंगात ते किती साठतं हे त्यांना मोजायचं होतं. नमुना यंत्रात सोडला की कागदाच्या पट्टीवर पेन रेघ ओढत जाई आणि नमुन्यातलं एकेक रसायन यंत्रातून बाहेर पडलं की रेघ उसळून एक टोक उमटे. डीडीटीचं टोक कुठे येणार हे येन्सेन यांना ठाऊक होतं. ते तिथे आलंही. पण त्याच्या आजूबाजूला आणखी बरीच टोकं होती आणि ती कशाची, हे कुणालाच सांगता येईना.

काचसामान नीट धुतलं गेलं नसेल, असं म्हणून त्या टोकांकडे काणाडोळा करता आला असता. येन्सेन यांनी तो केला नाही. स्वीडनच्या वेगवेगळ्या भागांतले पाइक मासे त्यांनी तपासले, त्यांत तीच टोकं. मासे खाणाऱ्या पांढऱ्या शेपटीच्या समुद्री गरुडात तीच, आणि कितीतरी उंच. मग त्यांनी संग्रहालयात ठेवलेली गरुडाची जुनी पिसं मिळवली. १९४० च्या दशकातल्या, डीडीटी सर्रास वापरात येण्यापूर्वीच्या पिसांतही ती टोकं दिसली. म्हणजे हे डीडीटीचं भावंड नव्हतं, ते त्याच्याही आधीपासून निसर्गात फिरत होतं. येन्सेन यांनी घरच्या माणसांचे केसही तपासले. पत्नीच्या केसांत ते सापडलं आणि तान्ह्या मुलीच्याही. ती काही मासे खात नव्हती. तिच्यापर्यंत ते आईच्या दुधातून पोचलं असणार.

डिसेंबर १९६६ मध्ये ‘न्यू सायंटिस्ट’ साप्ताहिकात या रसायनाचं नाव छापून आलं : पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल्स, म्हणजेच पीसीबी. हे एक रसायन नव्हे, २०९ रसायनांचं कुटुंब आहे. १९२९ पासून ते कारखान्यांत तयार होत होतं. ते सहजी पेटत नाही, त्यातून वीज वाहत नाही, उष्णतेनं बिघडत नाही, म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमधल्या तेलात त्याला मोठी मागणी होती. रंगांत, हायड्रॉलिक यंत्रांच्या तेलात, कार्बन न घालता नक्कल उमटवणाऱ्या कागदातही ते असे. डीडीटी माणसानं मुद्दाम फवारलं होतं. पीसीबी कुणी शेतात फवारलं नव्हतं, ते बंद डब्यांत आहे अशीच सगळ्यांची समजूत होती. ती समजूत चुकीची आहे, हे सांगणारा पहिला साक्षीदार मासा होता.

पाण्यालाच का विचारू नये?

पाणी दूषित आहे का हे पाहायचं तर पाण्याची बाटली भरून तपासावी, हे कुणालाही सुचेल. कारखान्याचं सांडपाणी, मैलापाणी, क्षार यांच्यासाठी ते बरोबरही आहे. पण पीसीबी, डीडीटी यांसारख्या चिवट रसायनांच्या बाबतीत बाटली दगा देते. बाटलीत सापडतं ते त्या दिवशीचं, त्या घटकेचं पाणी. काल रात्री काय वाहून गेलं हे तिला माहीत नसतं.

दुसरी अडचण या रसायनांच्या स्वभावात आहे. त्यांना पाण्याचं वावडं आणि चरबीची ओढ. पाण्यात पडली की ती गाळाच्या कणांना, शेवाळाच्या पेशींना, जिथे थोडाफार तेलकट आसरा मिळेल तिथे चिकटतात. मोकळ्या पाण्यात उरतं ते इतकं थोडं की त्याची मोजणी नॅनोग्रॅममध्ये करावी लागते. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढं थोडं शोधताना बाटलीच्या झाकणातून किंवा प्रयोगशाळेच्या हवेतून आलेला अंशही निकाल फिरवू शकतो.

माशाकडे मात्र साठा असतो. तो अहोरात्र कल्ल्यांतून पाणी फिरवतो आणि लहान जिवांना खातो. त्यांच्याबरोबर आलेलं हे रसायन त्याच्या चरबीत उतरतं. शरीर त्याचे तुकडे करू शकत नाही, ते पाण्यात विरघळत नसल्यानं मूत्रावाटे बाहेरही टाकता येत नाही. मग ते राहतं, साठत जातं. तारली तव्यावर टाकली की स्वतःचंच तेल सोडते, हे आपल्याकडे स्वयंपाकघरात सगळ्यांना माहीत असतं. त्या तेलात माशाच्या आयुष्याचा हिशेब लिहिलेला असतो.

हा हिशेब अन्नसाखळीच्या पायरीपायरीनं फुगत जातो. उत्तर अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांमध्ये घेतलेल्या मोजण्यांनी हे फार स्पष्ट दाखवलं. सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, इरी आणि ऑन्टॅरिओ या पाच सरोवरांत पृथ्वीच्या पृष्ठभागावरच्या गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा आहे. तिथल्या एका अन्नसाखळीत पीसीबीचं प्रमाण पुढीलप्रमाणे चढत गेलेलं दिसतं. आकडे दशलक्षांश भागांत आहेत, म्हणजे एक किलो वजनामागे तितके मिलिग्रॅम. पाण्यावर तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींत ०.००२५. त्या खाणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांत ०.१२३. त्यांच्यावर जगणाऱ्या स्मेल्ट या लहान माशात १.०४. स्मेल्ट गिळणाऱ्या लेक ट्राउटमध्ये ४.८३. आणि मासे खाणाऱ्या हेरिंग गल पक्ष्याच्या अंड्यात १२४. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत जवळजवळ पन्नास हजार पट वाढ.

आता हा हिशेब माणसाच्या ताटात आणून पाहा. त्या लेक ट्राउटचा पाव किलोचा तुकडा घेतला तर त्यात सुमारे १२ लाख नॅनोग्रॅम पीसीबी भरतं. सरोवराच्या लिटरभर पाण्यात २ नॅनोग्रॅम आहे असं धरलं, तर तेवढं पीसीबी पाण्यावाटे पोटात जायला ६ लाख लिटर पाणी प्यावं लागेल. रोज दोन लिटर प्यायलं तरी त्याला आठशेहून जास्त वर्षं लागतील. मासा तेच काम एका जेवणात करतो. म्हणून पाणी कितीही नितळ दिसलं आणि पाण्याची तपासणी ‘ठीक’ म्हणाली, तरी मासा तपासल्याशिवाय सरोवर स्वच्छ आहे असं म्हणता येत नाही.

एका माशाचा प्रयोगशाळेतला प्रवास

शरद ऋतूत जाळ्यात आलेला लेक ट्राउट बोटीवरच मोजला जातो : लांबी, वजन, नर की मादी. मग तो अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळून, क्रमांकाची चिठ्ठी लावून गोठवला जातो. प्लॅस्टिकचा स्पर्श शक्यतो टाळायचा, कारण जे शोधायचं तेच वेष्टणातून माशाला लागायला नको.

प्रयोगशाळेत हा गोठलेला मासा डोक्या-शेपटीसकट, आतड्यांसकट दळला जातो. सोबत कोरडा बर्फ घालतात, म्हणजे दळताना तो वितळत नाही आणि तेल वेगळं होऊन भांड्याला चिकटत नाही. पाच मासे एकत्र दळून त्यांचा एक नमुना करण्याची पद्धत आहे, त्यामुळे एखाद्या विचित्र माशामुळे सगळा निकाल कलंडत नाही. तयार होतो तो फिकट गुलाबी, एकजीव लगदा. त्यातले काही ग्रॅम घेऊन त्यात निर्जल सोडियम सल्फेट मिसळतात. ते पाणी शोषून घेतं आणि लगदा ओलसर वाळूसारखा सुटा होतो.

मग त्या वाळूतून हेक्झेनसारखा द्रावक तासन् तास पुन्हा पुन्हा फिरवतात. द्रावक चरबी खेचून घेतो आणि चरबीबरोबर तिच्यात दडलेली रसायनंही. द्रावक उडवून लावला की काचेच्या तळाशी पिवळसर तेल राहतं. त्याचं वजन करायचं, म्हणजे माशात चरबी किती टक्के होती हे कळतं. हा आकडा पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

आता तेलातून रसायन वेगळं करायचं. यासाठी त्यात संहत गंधकाम्ल, म्हणजे तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालतात. चरबी काळवंडून नष्ट होते, पण पीसीबीला काही होत नाही. हे रसायन निसर्गात इतकं का टिकतं, याचं उत्तर त्या परीक्षानळीत डोळ्यांनी दिसतं. जे आम्लाला दाद देत नाही, ते नदीतल्या जिवाणूंना काय दाद देणार?

उरलेला अर्क सिलिकाच्या स्तंभातून गाळून, नायट्रोजनच्या मंद झोतात आटवून मिलिलिटरभर करतात आणि त्याचा एक थेंब वायू-वर्णलेखन यंत्रात सोडतात. केसासारख्या बारीक, कित्येक मीटर लांबीच्या नळीतून रसायनं आपापल्या वेगानं प्रवास करतात आणि एकामागून एक बाहेर पडतात. टोकाशी त्यांना ओळखणारा शोधक बसलेला असतो. क्लोरीन असलेल्या रेणूंचा अंशही हेरणारा ‘इलेक्ट्रॉन कॅप्चर’ शोधक जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ मध्ये बनवला. तो नसता तर येन्सेन यांच्या कागदावर ती टोकं उमटलीच नसती. आज रेणूचं वस्तुमान मोजणारी यंत्रं त्याच्या जोडीला आली आहेत.

या सगळ्यात विश्वास कशावर ठेवायचा? प्रत्येक तुकडीबरोबर मासा न घातलेला एक रिकामा नमुनाही सगळ्या पायऱ्यांतून नेतात. त्यात पीसीबी दिसलं तर ते प्रयोगशाळेचं, माशाचं नव्हे. शिवाय सुरुवातीलाच लगद्यात ओळखीची खूण केलेलं पीसीबी ठरावीक मापानं घालतात आणि शेवटी ते किती परत मिळालं हे पाहतात. वाटेत किती सांडलं हे त्यावरून समजतं. ही शिस्त सांभाळली तरच आकड्याला किंमत आहे.

सारख्याची तुलना सारख्याशी

मोजणी अचूक असूनही निष्कर्ष चुकू शकतो. यंदा मोठा मासा तपासला आणि पुढच्या वर्षी लहान, तर प्रदूषण घटल्यासारखं वाटेल, प्रत्यक्षात फक्त वय घटलेलं असेल. म्हणून १९७० च्या दशकापासून चालू असलेल्या अमेरिकेच्या पंचमहासरोवर कार्यक्रमात लेक ट्राउट ६०० ते ७०० मिलिमीटर लांबीचेच घेतले जातात. इरी सरोवरात वॉलआय हा मासा घेतात, तोही ठरावीक लांबीचाच. जागा ठरलेल्या, ऋतू ठरलेला, जात ठरलेली.

एवढं करूनही निसर्ग नियम बदलतो. बाहेरून आलेल्या क्वागा नावाच्या शिंपल्यांनी मिशिगन आणि ह्युरॉन सरोवरांतली अन्नसाखळी पार उलटीपालटी केली. खाणं कमी झालं की ट्राउट हळू वाढतो आणि त्याच लांबीला पोचेपर्यंत त्याचं वय जास्त झालेलं असतं. लांबी तीच, पण साठवायला मिळालेली वर्षं जास्त. त्यामुळे आता माशाचं वयही काढतात आणि हिशेबात धरतात. चरबीचंही तसंच आहे. तारली आणि बोंबील एकाच खाडीत पकडले तरी ग्रॅममागचं प्रमाण सारखं येणार नाही, कारण एक तेलानं भरलेली आणि दुसरा पाण्यानं. मघाशी काचेच्या तळाशी तोललेलं तेल इथे उपयोगी पडतं : प्रमाण चरबीच्या ग्रॅममागे काढलं की तुलना रास्त होते.

आणखी एक फरक सामान्य वाचकानं ध्यानात ठेवावा असा आहे. सरोवराची तब्येत पाहायची तर अख्खा मासा दळतात, कारण पक्षी आणि मोठे मासे तो अख्खाच गिळतात. माणसाच्या ताटाची काळजी असेल तर फक्त खाण्याजोगा तुकडा तपासतात. कॅनडातला ऑन्टॅरिओ प्रांत अशा तपासण्यांवरून मासे खाण्याची मार्गदर्शिका काढतो : कोणत्या पाण्यातला, कोणत्या जातीचा, किती लांबीचा मासा महिन्यातून किती वेळा खावा, आणि गर्भारपणाच्या वयातल्या स्त्रिया व मुलांसाठी वेगळी मर्यादा किती. टोरोंटोच्या आसपास राहणाऱ्या आणि सुट्टीत गळ टाकायला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी ती पाहायलाच हवी. तिकडे मासा साफ करताना कातडी आणि पाठीची, पोटाची चरबी काढून टाकायला सांगतात, आणि शिजवताना तेल निथळून जाईल असं भाजायला सांगतात. त्यानं पीसीबी कमी होतं. पाऱ्याच्या बाबतीत मात्र हा उपाय चालत नाही, कारण पारा चरबीत नाही, मांसातच मुरलेला असतो.

ही काळजी उगाच नाही. मिशिगन सरोवरातले मासे खाणाऱ्या मातांच्या, १९८० च्या सुमारास जन्मलेल्या मुलांचा अभ्यास सँड्रा आणि जोसेफ जेकबसन यांनी वर्षानुवर्षं केला. जन्मापूर्वी ज्यांना सर्वांत जास्त पीसीबी मिळालं होतं, त्या मुलांच्या बुद्ध्यंकात अकराव्या वर्षीही घट दिसत होती. माशातला आकडा अखेर मुलाच्या आयुष्यात उतरतो, म्हणून तो मोजायचा.

जिथे कारखाना नाही तिथला मासा

सुपीरियर सरोवरात आयल रॉयल नावाचं बेट आहे. बेटावर सिस्किविट नावाचं आणखी एक तळं आहे. ते भोवतालच्या सरोवराहून उंचावर आहे, त्यामुळे बाहेरचं पाणी त्यात येत नाही. काठावर कारखाना नाही, शेती नाही. १९७० च्या दशकात तिथले मासे तपासले तेव्हा त्यांत पीसीबी सापडलं आणि टॉक्साफिनही. टॉक्साफिन म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कापसाच्या शेतांत तेव्हा फवारलं जाणारं कीटकनाशक.

याचा अर्थ एकच होता : ही रसायनं हवेतून आली. उबदार प्रदेशात वाफ होऊन उडतात, वाऱ्याबरोबर जातात, थंड हवेत पावसाबरोबर खाली येतात, पुन्हा उडतात, पुन्हा पडतात. त्या निर्जन तळ्यातल्या माशानं सिद्ध केलं की आपला नाला स्वच्छ ठेवणं आवश्यक असलं तरी तेवढं पुरेसं नाही. चिवट रसायनांचा प्रश्न एका गावाचा किंवा एका देशाचा राहत नाही. स्टॉकहोम इथे २००१ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारामागचं तर्कशास्त्र हेच आहे. तो २००४ मध्ये अमलात आला, सुरुवातीला त्यात बारा रसायनं होती आणि भारतानं २००६ मध्ये त्याला मान्यता दिली.

उतरती रेघ आणि गोठवलेले मासे

बंदीचा उपयोग होतो का? अमेरिकेनं १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी घातली आणि १९७० च्या दशकाअखेर पीसीबीचं उत्पादन थांबलं. मिशिगन सरोवरातल्या लेक ट्राउटमध्ये १९७४ च्या सुमारास पीसीबी दशलक्षांश २३ भाग होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते ३ च्या आसपास आलं. रोडावलेली गरुडांची आणि इतर पक्ष्यांची संख्या तीन दशकांत पुन्हा वाढली. हे यश कुणाच्या मतावर उभं नाही. दर वर्षी मासे दळून काढलेल्या रेघेवर ते उभं आहे.

पण ती रेघ शून्याला टेकलेली नाही. पहिल्या वर्षांत झपाट्यानं उतरली आणि मग हळू झाली, कारण गाळात पुरलेलं जुनं पीसीबी वर येत राहतं आणि हवेतूनही पडत राहतं. सुपीरियर सरोवराचं पाणी पूर्ण बदलायला सुमारे १९० वर्षं लागतात. माणसानं काही दशकांत जे ओतलं, ते धुऊन निघायला कित्येक पिढ्या जाव्या लागतील.

आणि त्याच वेळी नवी रसायनं येतात. सोफ्याचा फोम आणि टीव्हीची खोकी पेटू नयेत म्हणून त्यांत ब्रोमीनयुक्त अग्निरोधकं घातली जात. १९८१ मध्ये स्वीडनमधल्या विस्कान नदीच्या माशांत ती पहिल्यांदा नोंदली गेली. पंचमहासरोवरांच्या काठावरच्या शास्त्रज्ञांना प्रश्न पडला : आपल्याकडे ही कधीपासून आहेत? त्यांनी शीतपेटीत साठवलेले जुने ट्राउट बाहेर काढले. १९८० पासून २००० पर्यंतचे मासे तपासल्यावर दिसलं की ही रसायनं दर तीन-चार वर्षांनी दुप्पट होत गेली होती. २००४ च्या सुमारास त्यांतल्या काहींचं उत्पादन अमेरिकेत थांबलं, मग रेघ खाली वळली. डाग न धरणाऱ्या कपड्यांशी संबंधित पीएफओएस या रसायनाचीही चढती रेघ ऑन्टॅरिओ सरोवराच्या साठवलेल्या ट्राउटमधूनच मिळाली. ते चरबीऐवजी रक्तातल्या आणि यकृतातल्या प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे तिथे मोजण्याची पद्धतच बदलावी लागली.

आपल्या खाडीचा मासा

भारतात पीसीबी तयार करण्यावर आणि आयात करण्यावर २०१६ च्या आदेशानं बंदी आली आणि ते असलेली जुनी उपकरणं वापरण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ठरवली गेली. शेतीतल्या डीडीटीवर आपण त्याआधीच बंदी घातली होती. पण कागदावरची तारीख आणि गाळातलं रसायन यांचा एकमेकांशी संबंध नसतो. ट्रान्सफॉर्मर भंगारात निघाला, त्यातलं तेल गटारात सोडलं, गटार खाडीला मिळालं, की हिशेब पुन्हा माशाच्या अंगात सुरू होतो.

आपल्या किनाऱ्यावर या कामाला फार योग्य असे जीव आहेत. शिनाणे खडकाला चिकटून एकाच जागी राहतात आणि दिवसभर पाणी गाळत असतात, त्यामुळे त्यांच्या अंगातलं रसायन नक्की त्याच जागेचं. एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये शिंपल्यांवर नजर ठेवून समुद्र तपासण्याची कल्पना मांडली आणि पुढे आशियातही, भारताच्या किनाऱ्यासह, शिनाण्यांमधली ही रसायनं मोजली गेली. खाडीत बोय आहे, कालवं आहेत. सुटे अभ्यास झाले की त्या दिवसाचं चित्र मिळतं. आपल्याला हवी आहे ती रेघ : ठरलेली खाडी, ठरलेली जात, ठरलेली लांबी, ठरलेला महिना, वर्षामागून वर्ष, आणि निकाल मासे विकणाऱ्या कोळणीलाही वाचता येईल अशा मराठीत.

आणि दर वर्षी काही मासे न दळता गोठवून ठेवायला हवेत. येन्सेन यांना कोडं उलगडायला मदत झाली, कारण वीस वर्षं आधी कुणीतरी एका गरुडाची पिसं तारीख घालून जपून ठेवली होती. ज्यानं ती ठेवली त्याला त्यांत काय सापडणार आहे याची कल्पना नव्हती. ठाण्याच्या खाडीतली यंदाची बोय तशीच, तारीख आणि जागा लिहून शीतपेटीत ठेवली, तर २०५० सालच्या एखाद्या मुलीच्या कागदावर अनोळखी टोक उमटेल तेव्हा तिला मागे वळून विचारायला कुणीतरी असेल.